मारिओ एवढा घाईत का पळायलाय?

यंदा भाऊबीजेला परभणीच्या घरी दादाची चांगलीच फजिती झाली. भाच्यानं हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला काडेपेटीएवढं एक यंत्र जोडलं होतं आणि त्यात आमच्या लहानपणचे सगळे गेम होते. दादा बाह्या सरसावून बसला. मारिओची पहिली स्टेज हा माणूस एकेकाळी माझ्याशी भांडत भांडत, टीव्हीकडे अर्धवट बघत पार करायचा. तो पहिल्याच खड्ड्यात पडला. परत पडला. तिसऱ्यांदाही तिथंच.

"बाबा, तुम्ही तर म्हणायलात की शेवटच्या राक्षसापर्यंत जायचो."

"रिमोट बाद आहे," दादा म्हणाला.

मग रिमोट माझ्याकडे आला. मीही त्याच खड्ड्यात गेले.

"वय झालं आता आपलं," असं म्हणून दादा चिवड्याच्या डब्याकडे वळला. मला काही ते पटलं नाही. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बिघाड नेमका कुठं आहे ते तपासल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही, हे वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलेय. आणि मला एक गोष्ट खटकत होती. चित्रं तीच, गाणं तेच, पण मारिओ घाईत होता. लाइट जायच्या आत स्टेज उरकायची असल्यासारखा पळत होता.

लहानपणीचा गेम मोठेपणी खेळायला घेतला की बहुतेकांना हेच वाटतं: आहे तोच, पण तो नाही. त्यावर सगळे एकच उत्तर देतात, की बालपण परत येत नसतं. ते खरं असेलही. पण मला कळलं ते असं, की या 'तो नाही'मधला बराच मोठा भाग मोजता येतो, आणि त्यातला काही दुरुस्तही करता येतो.

आधी आमच्या डब्याबद्दल. निंटेंडो या जपानी कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. तैवानच्या यूएमसी कंपनीनं त्याच्या चिपांच्या नकला बनवल्या आणि तसल्या चिपांवर जगभर शेकडो नावांचे डबे निघाले. आपल्याकडे कुणाच्या घरी समुराई होता, कुणाच्या मीडिया, कुणाच्या लिटल मास्टर. आमचा उरुसातून आलेला. बाबांनी घासाघीस करून सहाशेला घेतला, आणि त्यावर काय नाव होतं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. आमच्यासाठी तो 'टीव्ही गेम' होता, त्यात घालायची ती 'कॅसेट' आणि हातात धरायचे ते 'रिमोट'.

मूळ फॅमिकॉममध्ये काम करायला मेमरी होती २ किलोबाइट. हा आकडा सांगून काही बोध होत नाही, म्हणून असं बघा: देवनागरीतली एक अक्षरखूण साठवायला मोबाईल साधारण ३ बाइट खर्च करतो. म्हणजे २ किलोबाइटमध्ये या लेखातला एखादा लांब परिच्छेद कसाबसा मावेल. आणि १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स', त्याच्या ३२ स्टेज, राक्षस, गाणी धरून, ४० किलोबाइटचा. तुम्ही वाचताय तो पूर्ण लेख साधारण तेवढीच जागा खातो. जागा वाचवायला काय काय केलंय ते मोठेपणी दिसतं. मारिओमधले ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. एवढी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

आता घाईची गोष्ट.

आजचा गेम घड्याळ बघून चालतो. किती वेळ गेला ते तो यंत्राला विचारतो आणि त्याप्रमाणे माणूस पुढं सरकवतो. जुने गेम घड्याळ बघत नव्हते, ते चित्रं मोजायचे. टीव्हीवर एक चित्र उमटलं की मारिओ एक पाऊल पुढं. दुसरं उमटलं की आणखी एक. भजनात मृदंगावर नजर ठेवून टाळ वाजवणारा माणूस असतो ना, तसं. मृदंगानं लय वाढवली की त्याचा टाळही वाढतो. त्याला स्वतःची लय नाही.

जपान आणि अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे होते, सेकंदाला ६० चित्रं उमटवणारे. मारिओ बनवणाऱ्यांनी हाच ठेका धरला होता. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली डब्यांनी त्या जपानी कॅसेटी आहेत तशा ५० च्या ठेक्यावर चालवल्या. परिणाम सरळ आहे. सगळं एक षष्ठांशानं संथ झालं: मारिओ, कासवं, उड्या, वरच्या कोपऱ्यातला वेळ, सगळं. त्या कोपऱ्यात ४०० पासून उलटे आकडे मोजले जातात, आठवतंय? तो एकेक आकडा म्हणजे सेकंद नव्हे, २४ चित्रं. जपानी पोराला ४०० आकड्यांचे १६० सेकंद मिळत होते. परभणीच्या पोराला १९२.

म्हणजे अर्धा मिनिट जास्त. आम्ही फार भारी खेळत होतो असं जे वाटत होतं, त्याला ही एक बारीकशी खोट आहे. दादाला हे मी अजून नीटसं समजावून सांगितलेलं नाही.

भाच्याच्या यंत्रात असतो तो एम्युलेटर, म्हणजे नव्या संगणकाला जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. तो कॅसेटीतला मजकूर वाचतो, ती जपानी किंवा अमेरिकी आहे हे ओळखतो आणि ६० च्या ठेक्यावर चालवतो. बनवणाऱ्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. चुकीचं होतं ते आमचं बालपण.

खड्ड्याचं गणित मी वहीच्या पाठच्या पानावर मांडलं. समजा खड्डा दिसल्यापासून तिसाव्या चित्राला उडीचं बटण दाबायचंय. आमच्या डब्यावर ही वेळ ६०० मिलिसेकंदांनी यायची. आता ती ५०० नी येते. माझा अंगठा जुन्या सवयीनं १०० मिलिसेकंद उशिरा दाबतो. तेवढ्यात ६ चित्रं होऊन जातात. पूर्ण वेगात पळणारा मारिओ दर चित्राला सुमारे अडीच ठिपके पुढं जातो, म्हणजे एकूण १५ ठिपके. आणि गेममधली एक वीट असते १६ ठिपक्यांची. मी जवळपास एक वीट उशिरा उडी मारत होते. खड्ड्याच्या आत.

अंगठ्याला मात्र दोष देऊ नये. सायकल चालवणं, विहिरीत पोहणं, भाकरी थापणं या गोष्टी शब्दांतल्या आठवणींपेक्षा वेगळ्या ठिकाणी साठतात. मेंदूच्या खोल तळातले काही भाग आणि मागचा लहान मेंदू हे काम बघतात. म्हणून वीस-पंचवीस वर्षांनीही त्या मोडत नाहीत. गुप्त वीट कुठं आहे हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण त्या जागी आल्यावर हातानं आपोआप उडी मारली. शिकलेलं सगळं शाबूत होतं. फक्त ते दुसऱ्या लयीत शिकलेलं होतं.

लहानपणचं पाहणं मेंदूत किती पक्कं बसतं, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात एक गमतीचा अभ्यास झालाय. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी पोकेमॉन भरपूर खेळलेल्या मोठ्या माणसांना ती चित्रं दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा त्या चित्रांना प्रतिसाद देणारा एक ठरावीक भाग त्या सगळ्यांत साधारण एकाच जागी सापडला. न खेळलेल्यांत तो तसा नव्हता. एवढासा पडदा, डोळ्यांपासून तेवढ्याच अंतरावर, त्याच वयात, रोज. आमचा कुणी स्कॅन काढला तर काय सापडेल याचा मी फार विचार करत नाही. बहुतेक ते कासव.

दुसऱ्या दिवशी भाच्याला माळ्यावर बंदूक सापडली. डब्यासोबत आलेली, बदकं मारायची. वायर तोंडाशी तुटलेली होती; मी जोडून दिली, सोबतचा जुना डबाही पुसून त्याच नव्या टीव्हीला लावला. चित्र आलं. कुत्रा आला, बदकं उडाली, भाच्यानं नेम धरून चाप ओढला. काही नाही. पडद्याला नळी टेकवून ओढला, तरी नाही. कुत्रा हसायला लागला. (तो कुत्रा आम्हाला तेव्हाही आवडत नव्हता.)

"आत्या, बंदूक खराब आहे."

बंदूक चांगली आहे, टीव्ही वेगळा आहे. लहानपणी वाटायचं की बंदुकीतून काहीतरी निघतं आणि पडद्याला लागतं. प्रत्यक्षात उलटं आहे. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. बंदूक मारत नाही, बघते. चाप ओढला की गेम क्षणभर पूर्ण पडदा काळा करतो. पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. आधी काळं दिसलं आणि मग लगेच उजेड दिसला, तर नेम बरोबर. काळ्याच्या वेळीच उजेड दिसला तर नेम बाद. म्हणजे बल्बकडे रोखून फसवायला बघणाऱ्या पोरांचीही सोय करून ठेवलेली. दोन बदकं असली की चौकोन एकामागोमाग दाखवायचे, मग कोणतं मेलं तेही कळतं. मला विचाराल तर त्या सगळ्या डब्यात याच्याइतकी हुशारीची गोष्ट दुसरी नव्हती.

पण या युक्तीला जुना, पाठीमागं पोक असलेला टीव्ही लागतो. आमचा व्हिडिओकॉनचा होता, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला कारखाना असलेल्या कंपनीचा, म्हणजे मराठवाड्याचाच. त्या टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ आखत जायचा, सेकंदाला १५,६२५ ओळी. डब्यातून संकेत निघाला की त्याच क्षणी पडद्यावर उजेड. मध्ये थांबणं नाही, साठवणं नाही. नवा टीव्ही तसं करत नाही. तो आलेलं चित्र आधी स्वतःकडे ठेवून घेतो, मोठं करतो, रंग उजळतो, कडा घासून गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. यात काही चित्रांचा उशीर होतो. बंदूक पांढरा चौकोन शोधते तेव्हा पडद्यावर अजून साधं बदकच उडत असतं. शिवाय अस्सल बंदुकीतली चाळणी जुन्या नळीच्या त्या वेगवान लुकलुकीसाठीच लावलेली असते. नव्या पडद्याचा स्थिर उजेड तिला उजेड वाटतच नाही.

हाच उशीर मारिओलाही नडतो. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत बिनतारी रिमोट थोडा वेळ खातो, एम्युलेटर थोडा, टीव्ही सगळ्यांत जास्त. खड्डाही उशिरा दिसतो आणि उडीही. म्हणजे ठेका वाढल्यानं जी चूक होते त्याच दिशेला ही चूक आणखी ढकलते. दोन्ही मिळून दादा खड्ड्यात.

टीव्हीचं औषध सोपं आहे. बहुतेक नव्या टीव्हींच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो. तो लावला की टीव्ही ती सगळी रंगरंगोटी बाजूला ठेवतो. रिमोट वायरीचा घ्यावा. एवढ्यानं निम्मं काम होतं. चित्राचं मात्र तसं सोपं नाही. जुन्या नळीवर शेजारचे रंग एकमेकांत किंचित मिसळायचे, ओळींमध्ये बारीक काळ्या फटी असायच्या आणि चित्र काढणाऱ्यांनी ते गृहीत धरूनच ठिपके मांडलेले होते. नव्या पडद्यावर तेच ठिपके फरशी बसवल्यासारखे कोरडे, कडक दिसतात. त्या फटींची नक्कल करणाऱ्या सेटिंगा असतात. मी दोन-तीन लावून बघितल्या. मला त्या फोटोला जुना दाखवण्यासाठी पिवळा करतात तशा वाटल्या.

कॅसेटीवरच्या 'नव्याण्णव लाख गेम' या थापेचाही उलगडा झाला. प्रत्यक्षात गेम असायचे मूठभर. यादी करणाऱ्यानं तेच गेम पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी घातलेले, आणि काहींत सुरू करताना मेमरीतला एखादा आकडा बदललेला, म्हणजे गेम चौथ्या स्टेजपासून सुरू होतो. आम्ही उन्हाळ्याच्या एका सुट्टीत वहीत आकडे लिहून यादी तपासत होतो. दोनशेच्या पुढं गेलो नाही. आणि कॅसेटीत फुंकर मारण्याबद्दल सांगायचं तर, ती फुंकरीनं चालत नव्हती. काढून परत घातल्यानं पितळी दाते घासले जायचे, म्हणून चालायची. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट ते दाते गंजतात. पण फुंकर न मारता कॅसेट घालणं मला आजही जमत नाही.

आता जे मोजता येत नाही त्याकडे यावं लागेल.

मला नेहमी दोन नंबरचा रिमोट मिळायचा. आमच्या डब्याच्या दुसऱ्या रिमोटला सुरू करायचं आणि थांबवायचं बटणच नव्हतं. मला वाटायचं नकली माल आहे म्हणून. नंतर कळलं की मूळ जपानी फॅमिकॉमच्याही दुसऱ्या रिमोटला ती बटणं नव्हती. त्याऐवजी तिथं एक छोटा माइक बसवलेला होता. आमच्या डब्यानं माइक गाळला, बटणं दिली नाहीत. म्हणजे पाणी प्यायला उठायचं असेल तरी दादाची परवानगी. टँकच्या गेममध्ये तरी दोघं एकदम खेळता यायचं. त्यात किल्ल्याभोवतीच्या विटा दादाच फोडायचा आणि नाव माझं. मारिओमध्ये पाळी असायची. दादा मरेपर्यंत मी बसून राहायचं. दादा चांगला खेळायचा. आणि तेव्हाचं भारनियमन असं, की माझी पाळी आली की हमखास लाइट जायची. त्या डब्यात खेळ जतन करायची सोय नव्हती, त्यामुळे लाइट आल्यावर परत पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून म्हणजे परत दादा.

म्हणून माझी आठवण खेळण्याची कमी आणि बघण्याची, ऐकण्याची जास्त आहे, हे मला हे सगळं तपासताना लक्षात आलं. आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्यानं जुळवतो, आणि जुळवताना कंटाळ्याचे तास बहुधा गाळतो. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं आयुष्य माणसाला पुढं सगळ्यांत जास्त आठवतं, हेही मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द तर एका वैद्यकीय प्रबंधातून आला. योहानेस होफर या तरुणानं १६८८ साली घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या आजाराला तो दिला: ग्रीकमध्ये घरी परतणं आणि वेदना, हे दोन शब्द जोडून. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या दादाला हे निदान लागू पडतं, पण त्यावर औषध म्हणून तो गेम विकत घेत नाही, मला फोन करतो.

विकत घेण्यावरून आठवलं. एम्युलेटर वापरण्यात गैर काही नाही, पण कुणीतरी उतरवून ठेवलेल्या गेमच्या नकला घेणं कॉपीराइटमध्ये बसत नाही. बाजारात तीस वर्षं जुने गेम भरून जी काडेपेटीएवढी यंत्रं मिळतात, त्यातले बहुतेक गेम असेच आलेले असतात. दुसरी बाजू अशी, की व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात नाहीतच, असं दिसलं. रीतसर घ्यायचं म्हटलं तरी दुकान कुठंय? ज्यांना मिळतो त्यांनी विकत घ्यावा, एवढंच मी म्हणेन.

परत निघायच्या आदल्या संध्याकाळी मी टीव्हीचा गेम मोड लावला आणि वायरीचा रिमोट जोडला. मग एम्युलेटरच्या यादीत शिरले. प्रदेश निवडायच्या जागी जपान-अमेरिका होतं, युरोप होतं आणि तिसरं नाव होतं 'डेंडी'. रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकली डब्याचं हे नाव. जपानी कॅसेटी ५० च्या ठेक्यावर चालवणारे जे डबे, त्या सगळ्या जातीला एम्युलेटरवाल्यांनी तेच नाव देऊन टाकलंय. रशियातली पोरं आणि मराठवाड्यातली पोरं एकाच चुकीच्या लयीत वाढली, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

डेंडी निवडलं. गेम सुरू झाला आणि मारिओ चालायला लागला. पळत नव्हता. गाण्याचाही ठेका उतरला, पण सूर खाली आला नाही, कारण सूर ठरवणारी गती चित्रांच्या गतीपासून वेगळी असते आणि तिच्यात दोन्ही डब्यांचा फरक एक टक्काही नाही. म्हणून टेप अडकल्यासारखं घोगरं होत नाही. तेच गाणं, जरा निवांत.

पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. दादा चिवड्याची वाटी ठेवून जवळ येऊन बसला आणि हात पुढं केला. मी रिमोट दिला नाही.

आई स्वयंपाकघरात होती. तिनं त्या टीव्हीसमोर बसून एकही स्टेज कधी बघितली नसेल, पण पाच-सहा वर्षं रोज दुपारी भिंतीपलीकडून ऐकलेली. हातातलं पीठ तसंच ठेवून ती दारात आली.

"हां, आता बरोबर वाजायलंय," ती म्हणाली. "परवापासून काय मागं कुत्रं लागल्यागत पळायलं होतं."